गिरणीचं साहित्य वेगळ्या कपाटात का?

मराठी साहित्यात औद्योगिकीकरण नीट उमटलंच नाही, हे वाक्य साहित्यावरच्या चर्चांत वर्षानुवर्षं फिरतं आहे. बहुतेक वेळा ते इंग्लंडकडे बोट दाखवून बोललं जातं. तिकडे यंत्रं आली आणि पाठोपाठ कादंबरीत कारखाना आला, संप आला, धुराने काळवंडलेली गावं आली. डिकन्सची 'हार्ड टाइम्स' १८५४ सालची. त्याच साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी उभी केली आणि दोन वर्षांनी ताडदेवला सूत कातणाऱ्या चात्या फिरू लागल्या. मग आपली 'हार्ड टाइम्स' कुठे आहे, असा प्रश्न येतो आणि उत्तरादाखल माना खाली जातात.

मला तो प्रश्नच चुकीच्या जागी उभं राहून विचारलेला वाटतो. मुंबईच्या गिरण्यांनी मराठी माणसाचं रोजचं जगणं मुळापासून बदललं आणि त्या बदलातून साहित्यही भरपूर निघालं. कादंबरीत ते थोडं आलं. गाण्यात, वगात, पोवाड्यात आणि कवितेत उदंड आलं. आपण शोधायला गेलो ते छापील कादंबऱ्यांच्या कपाटाशी. जे हाती लागलं त्यावर 'कामगार साहित्य' अशी चिठ्ठी डकवली आणि ते शेजारच्या लहान कपाटात ठेवून दिलं. या एका चिठ्ठीमुळे मराठी आधुनिकतेचा इतिहास आपण अर्धा वाचतो आणि तोच पूर्ण म्हणून पुढच्या पिढीला शिकवतो.

आधी बदल काय झाला ते पाहू. गिरणीने सगळ्यात आधी हात घातला तो वेळेला. रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून मुंबईला आलेला माणूस ज्या वेळेत वाढला होता ती पेरणीची, लावणीची, जत्रेची, पावसाच्या ओढीची वेळ होती. कष्ट तिथेही होते, पण दिवस ऋतूप्रमाणे लांबत होता, आखडत होता. इथे तो भोंग्याच्या ताब्यात गेला. सुरुवातीला गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत, म्हणजे निदान अंधार पडला की सुटका होई. विसाव्या शतकाच्या तोंडावर गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तीही सुटका गेली. चौदा-पंधरा तासांचे दिवस भरू लागले. ज्या दिव्याला आपण प्रगतीची खूण मानतो त्याने साचेवाल्याची, म्हणजे माग चालवणाऱ्याची, संध्याकाळ काढून घेतली. पुरुष कामगारासाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या फॅक्टरी कायद्याने.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून सरकारकडे मागण्या पाठवल्या. त्या आज वाचताना अंगावर येतात, कारण त्या फार साध्या आहेत. रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि दिवस मावळला की थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. यातली रविवारची सुटी मिळायला १८९० चा जून उजाडला. पुढे १९०६ च्या जानेवारीत मुंबईची स्थानिक वेळ सोडून नवी प्रमाणवेळ गिरण्यांत लागू होऊ लागली, तेव्हा हजारो कामगारांनी काम थांबवून दगड उचलले. घड्याळ सुमारे ३९ मिनिटं पुढे गेलं होतं. मालकाच्या लेखी तो काट्यांचा फेरफार होता. पहाटेच्या अंधारात चालत गिरणी गाठणाऱ्याला ती ३९ मिनिटं आपल्या झोपेतून काढून द्यायची होती. वेळेवरून माणसं दगड हातात घेतात, एवढं त्या काळाचं रोजचं जगणं घड्याळाशी भिडलेलं होतं.

वेळेनंतर जागा बदलली. चाळीतली एक खोली, तीत एकाच गावचे किंवा एकाच वाडीचे दहा-पंधरा जण. रातपाळीचा घरी आला की त्याच वळकटीवर आडवा होणार, जिच्यावरून दिवसपाळीचा नुकताच उठून गेला आहे. खुंटीवर सदरा, भिंतीशी ट्रंक, जेवण खानावळवालीकडे. बायको-पोरं गावी आणि दर महिन्याला त्यांच्या नावाने मनीऑर्डर. एक संसार दोन ठिकाणी विभागून चालवायचा, वर्षाचे साडेअकरा महिने एकमेकांवाचून काढायचे आणि गणपतीला किंवा शिमग्याला पंधरा दिवस घर व्हायचं, ही रीत कोकणातल्या लाखो कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या पाळली. शेती, गुरं, म्हातारी माणसं, सावकार हे सगळं गावातल्या बाईच्या अंगावर आलं. मुंबईतही गिरणी कामगारांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता, बहुतेक सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात. त्यांना दिवसभर गिरणीत उभं राहून घरी आल्यावर चूल होतीच.

जातही गिरणीच्या फाटकाबाहेर थांबली नाही. साचेखात्यात धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली, कांडी संपली की नव्या कांडीचा धागा ओठाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे. तेवढ्या एका क्रियेमुळे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखातं, म्हणजेच गिरणीतली बऱ्या पगाराची जागा, बंद होती. ज्या धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागतं तो यांच्या तोंडाला लागलेला सवर्ण साचेवाल्यांना चालत नव्हता. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. यंत्र आलं की जात आपोआप गळून पडते असं सरसकट म्हणणाऱ्यांनी तो धोटा आठवावा.

एवढं सगळं घडत असताना लिहिणारा वर्ग फार लांब राहत नव्हता. गिरगाव ते परळ हे अंतर पायी जाण्याचं आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० च्या सुमारास क्रमशः येत होती, म्हणजे रविवारची सुटी नुकतीच मिळाली होती त्याच सुमारास. मराठी बाईचं दुःख इतक्या आतून मांडणारी ती कादंबरी मला आजही थोर वाटते. पण तिच्यातल्या मुंबईत गिरणगाव जवळजवळ नाहीच. हा हरिभाऊंचा दोष म्हणून मी सांगत नाही. लेखक आपल्या माजघरातून पाहतो आणि पांढरपेशा माजघराच्या खिडकीतून गिरणीचं धुराडं दिसलं तरी खातं दिसत नाही.

ज्यांनी पाहिलं ते या वर्तुळाच्या कडेला उभे होते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये विलायती यंत्रांवर निघालेल्या मालाने इथल्या कारागिरांचं काय केलं ते १८८३ साली मांडलं. त्यांचेच सहकारी लोखंडे 'दीनबंधु' चालवत होते. गिरणीतल्या माणसाचं मराठी गद्य पाहायचं तर त्या पत्राकडे जावं लागतं. केशवसुतांनी उपासमारीची पाळी आलेल्या मजुरावर कविता लिहिली. कादंबरीत गिरणी पुरी उतरायला मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पर्यंत, म्हणजे १९३० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. पहिली चाती फिरल्यापासून पाऊणशे वर्षं झाली होती. 'आपल्याकडे काही नाही' म्हणणाऱ्यांचा हिशेब याच यादीवर होतो आणि या यादीपुरता तो बरोबरही आहे.

पण कादंबरीला काय लागतं याचाही विचार करायला हवा. लिहायला आणि वाचायला अक्षरओळख लागते. दिवा लागतो. पुस्तक विकत घ्यायला किंवा आणायला पैसा लागतो आणि त्याहून महाग वस्तू लागते, ती म्हणजे एकांत. दहा-पंधरा जणांच्या खोलीत, पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांत कुणी तीनशे पानं एकट्याने वाचत बसेल ही अपेक्षाच त्या जगण्याला धरून नाही. गाण्याला चौक पुरतो. एक डफ, एक तुणतुणं आणि पाळी सुटल्यावरचा तास. गाणारा एक आणि ऐकणारे पाचशे. त्यातल्या एकालाही वाचता आलं नाही तरी काही अडत नाही. शिवाय गाणं तोंडोतोंडी दुसऱ्या चाळीत जातं आणि गणपतीला गावीही जातं.

हे कलाप्रकार माणसांबरोबरच मुंबईत आले होते. कोकणातून नमन, दशावतार, शक्ती-तुरा आणि भजन आलं, घाटावरून तमाशा आणि पोवाडा आला. लालबागच्या हनुमान थिएटरमध्ये तमाशाचे फड उभे राहत आणि समोर गिरणीतून थेट आलेला प्रेक्षक बसे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची हौशी नाटकं झाली. शिक्षण आणि रंगभूमी गिरणगावात जोडीने वाढली, म्हणून तिथलं लिहिणंही रंगमंचाकडे तोंड करून झालं. इंग्लंडमध्ये कादंबरीने जे काम केलं ते इथे चौकातल्या मंचाने केलं, असं मी म्हणतो ते या अर्थाने.

या मंचाचा सर्वांत मोठा लेखक म्हणजे अण्णा भाऊ साठे. वाटेगावहून वडिलांबरोबर चालत मुंबईला आलेला, मिळेल ते काम केलेला, गिरणीतही राबलेला हा माणूस. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांच्याबद्दल आदराने बोललं जातं. जयंतीला मिरवणुका निघतात, पुतळे होतात. त्यांच्या कारागिरीबद्दल मात्र फार थोडं बोललं जातं, आणि मला खटकतं ते हेच. तमाशाची सुरुवात गणाने होते, गणपतीला वंदन होतं, मग गवळण येते, मग वग. अण्णा भाऊंनी हा साचा हाती घेतला आणि आतून बदलला. गणात गणपतीच्या जागी मायभूमी, शिवछत्रपती आणि राबणारा माणूस यांना वंदन आलं, गवळण गेली, आणि वगातल्या राजाच्या जागी शेटजी, सावकार, निवडणुकीतला उमेदवार उभा राहिला. शेकडो वर्षांची चौकट प्रेक्षकाला ओळखीची राहावी आणि आतला आशय आजचा व्हावा, हे काम किती अवघड असतं ते ज्याने कधी मंचासाठी लिहिलं आहे त्यालाच कळेल.

त्यांची मुंबईवरची लावणी घ्या. मुंबईवर लावणी त्यांच्या आधी पठ्ठे बापूरावांनी रचलेली होती. तीत शहराच्या थाटामाटाचं कौतुक आहे. अण्णा भाऊ तीच परंपरा उचलतात आणि तिला जाब विचारतात. मलबार हिलची इंद्रपुरी आणि परळची घाम गाळणारी वस्ती ते एका चालीत शेजारी शेजारी ठेवतात. शहराचा सगळा नकाशा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एका कडव्यात उभा राहतो. आणि 'माझी मैना गावावर राहिली'! संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही छक्कड आपण राजकीय गाणं म्हणून ऐकतो, पण तिची ताकद आधी सांगितलेल्या त्या दोन ठिकाणी चालणाऱ्या संसारात आहे. श्रोत्यांतल्या प्रत्येकाची मैना खरोखरच गावावर होती. त्या खाजगी तुटलेपणावर त्यांनी बेळगाव-कारवारच्या तुटलेपणाचा प्रश्न रचला. एका आर्थिक व्यवस्थेने घडवलेलं विरहाचं दुःख राजकीय कवितेच्या मुळाशी घालायचं, हे मराठीत असं दुसऱ्या कुणाला जमलेलं मला माहीत नाही.

आता त्याच शहरातला, त्याच दशकातला दुसरा कवी पाहा. बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' १९४७ चा. मराठी नवकवितेचा आरंभ आपण तिथून मानतो, आणि ते योग्य आहे. 'सकाळी उठोनी चहा-कॉफी घ्यावी, तशीच गाठावी वीज-गाडी' हे म्हणताना मर्ढेकर संतांचा छंद उचलतात. अभंगात, ओवीत माणसाला दिनक्रम सांगायची रीत होती. मर्ढेकर त्याच रीतीने चाकरमान्याचा दिनक्रम सांगतात आणि दिवसाचं पोकळपण उघडं पडतं. ओल्या पिंपात मेलेले उंदीर, मुंग्यांसारखी माणसं, यंत्राच्या तालावर फिरणारं शहर हे सगळं त्यांनी जुन्या छंदांत बसवलं.

दोघांना शेजारी ठेवून वाचलं की एक गोष्ट लख्ख दिसते. यंत्रयुगाला सामोरं जाताना मराठीतल्या दोन अत्यंत वेगळ्या कवींनी, एका आकाशवाणीतल्या अधिकाऱ्याने आणि एका शाळा न पाहिल्यासारख्या शाहिराने, एकच युक्ती केली. दोघेही यंत्रापूर्वीच्या, गळ्यावर चढलेल्या रचनांकडे वळले. एकाने संतांचा ठेवा घेतला, दुसऱ्याने तमाशाचा. एकाला त्यात हताशपणा सापडला, दुसऱ्याला लढण्याचा आवाज. मराठी आधुनिकतेचं हे खास वैशिष्ट्य आहे आणि ते दोघांना एकत्र वाचल्याशिवाय हाती येत नाही. आपण काय करतो? मर्ढेकरांना 'नवकाव्य' या प्रकरणात शिकवतो आणि अण्णा भाऊंना 'लोकसाहित्य' किंवा 'कामगार व दलित साहित्य' या प्रकरणात. दोन प्रकरणं, बहुधा दोन वेगळ्या सत्रांत. विद्यार्थ्याला कळतच नाही की ही माणसं एकाच वेळी, एकाच भोंग्याच्या आवाजात लिहीत होती.

नारायण सुर्वे यांचं उदाहरण या वाटणीला सरळ छेद देतं, म्हणून त्यांच्यावर थोडं थांबतो. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांना रस्त्यावर सापडलेलं हे मूल. त्यांनी सांभाळलं, आपलं नाव दिलं. सुर्वे गिरणीत राबले, शिपाई झाले, पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ मध्ये आला, 'माझे विद्यापीठ' १९६६ मध्ये. आपल्या हातून थोडासा गुन्हा घडणार आहे, असं त्यांनी सारस्वतांना बजावलं होतं. 'दोन दिवस' या कवितेत ते उरलेल्या उन्हाळ्यांचा हिशोब मांडतात आणि भाकरीचा चंद्र शोधण्यात आयुष्य बरबाद झाल्याचं सांगतात. माझ्या मते ही गिरणगावाची सर्वांत अचूक कविता आहे, जरी तिच्यात एकही साचा नाही, एकही भोंगा नाही. चंद्र ही मराठी भावगीताची जहागीर. तिला भाकरीचा आकार देऊन सुर्व्यांनी ती जहागीर काढून घेतली. आणि हिशोब ही पगाराच्या दिवसावर जगणाऱ्याची सवय त्यांनी आयुष्याच्या मोजमापाला लावली. 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' सारख्या कवितेत तर वस्तीतल्या बाईचं बोलणं जसंच्या तसं कविता होऊन येतं. १९९५ च्या परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मान मिळाला, यात शंका नाही. तरी अजूनही त्यांची ओळख 'कामगार कवी' अशीच करून दिली जाते. मर्ढेकरांना कुणी 'नोकरदार कवी' म्हणत नाही.

औद्योगिकीकरणाने मराठीत काय जन्माला घातलं ते सांगताना त्याने काय संपवलं तेही सांगायला हवं. पिठाची गिरणी गावात पोचली आणि जातं थांबलं. पहाटे उठून तास-दोन तास दळण्याच्या कष्टातून बाई सुटली. ती सुटका मोलाची होती आणि ते जातं परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. पण जात्याबरोबर जात्यावरची ओवी गेली. घरातल्या बाईला स्वतःशी बोलायला मिळणारा तो एकमेव वेळ होता. सासर, माहेर, भाऊ, नवरा, पंढरपूर सगळं तिथे गायलं जाई. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या नसत्या तर या साहित्याची आपल्याला पुसटशी कल्पनाच राहिली असती. त्या ओव्यांत आगगाडी आहे, मोटार आहे, मुंबईला गेलेला भाऊ आहे. म्हणजे यंत्रयुगाची नोंद खेड्यातली निरक्षर बाई आपल्या परीने करत होती आणि ज्या यंत्राने तिची कंबर मोकळी केली त्यानेच तिची नोंदवही बंद केली.

खानदेशातल्या बहिणाबाईंनी छापखान्यावर कविता केली आहे. 'अरे होतो छापीसनी कोरा कागद शहाना', पण माणूस मात्र येडजानाच राहतो, असं त्या म्हणतात. अक्षर न येणारी शेतकरीण छापण्याच्या यंत्राकडे पाहून हा विचार करते, तो इतक्या नेमक्या शब्दांत मांडते, आणि आपण तिच्यावर 'निसर्गकन्या' असा शिक्का मारून मोकळे होतो. तिचं यंत्राबद्दलचं चिंतन कुणी औद्योगिकीकरणाच्या साहित्यात मोजलेलं मी पाहिलेलं नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कामगार शाहिरीतला बराच भाग प्रचार होता. पक्षाने सांगितलं, शाहिराने गायलं. संप संपला, गाणं संपलं. हे खरं आहे. त्या काळची कितीतरी गाणी आज वाचली तर घोषणांपलीकडे हाती काही लागत नाही. मला आणखी एक उणीव दिसते. या शाहिरीतली बाई बहुतेक वेळा गावावर राहिलेली असते. वाइंडिंग खात्यात आपल्या पायांवर उभी राहून राबणारी बाई क्वचित भेटते. आणि धोट्यामागची जात तर शाहिरीपेक्षा दलित लेखकांनीच उघडी केली. पण हा आक्षेप घेणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की त्याच काळातल्या सर्व मध्यमवर्गीय कादंबऱ्या टिकल्या का? शेकडो गेल्या. त्यांच्यातल्या चांगल्या पाच-दहांवरून आपण 'मराठी कादंबरी'चा इतिहास लिहितो. शाहिरीला तोच न्याय का नको? चांगलं निवडायचं असेल तर आधी सगळं वाचावं, ऐकावं लागतं. प्रचार म्हणून दार लावलं की निवडीचा प्रश्नच उरत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप या कहाणीत मोठा खंड पाडून गेला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. त्या काळाचा जमाखर्च जयंत पवारांनी 'अधांतर'मध्ये मांडला. १९९७ चं हे नाटक. गिरणी मंचावर कुठेच दिसत नाही, दिसतं ते एका खोलीतलं कुटुंब, गिरणी गेल्यावर एकमेकांना ओरबाडू लागलेलं. या नाटकाला कुणी कामगार नाटकाच्या कपाटात ठेवलं नाही, ते मराठी नाटक म्हणूनच वाचलं गेलं. म्हणजे हे करता येतं. फक्त त्यासाठी लेखकाने प्रस्थापित रंगभूमीच्या दारातून यावं लागतं, ही अट मला मान्य नाही.

आणि हा प्रश्न फक्त मागचा नाही. चाकण, भोसरी, बुटीबोरी, वाळूज इथल्या कारखान्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली मुलं कंत्राटावर काम करतात. चौघं-पाचजण एका खोलीत राहतात, पाळीप्रमाणे झोपतात, गावाकडे पैसे पाठवतात. मनीऑर्डरची जागा मोबाइलने घेतली, बाकी मांडणी ओळखीची आहे. त्यांच्या जगण्याचं साहित्य कादंबरीत अजून फारसं नाही, असं आपण आजही म्हणू शकतो. पण ती मुलं कंपनीच्या बसमध्ये काय म्हणतात, मोबाइलवर काय रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवतात, गणपतीत कोणती गाणी स्वतः रचून गातात, हे ऐकायला मराठी विभागातलं कुणी गेलं आहे का? मागच्या वेळी आपण पाऊणशे वर्षं चुकीच्या कपाटाशी उभे होतो.

म्हणून माझ्या मागण्या अगदी व्यवहारातल्या आहेत. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात १९४० ते १९७० हा काळ शिकवताना मर्ढेकर, अण्णा भाऊ, सुर्वे आणि जात्यावरच्या ओव्या एकाच घटकात ठेवाव्यात, एकाच प्रश्नपत्रिकेत विचाराव्यात. शाहिरी पानावरून शिकवू नये. ध्वनिमुद्रण वाजवून शिकवावी, कारण ती ऐकण्यासाठीच रचलेली आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय व्हायचं आहे. तिथे साचे, चात्या आणि धोटे ठेवले जातील. त्यांच्या बरोबरीने एक दालन गाण्यांचं असावं.

त्या दालनासाठी साहित्य गोळा करायला वेळ फार थोडा उरला आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी रिकाम्या होत आहेत. या खोल्यांतल्या माळ्यांवर भजनी मंडळांच्या वह्या आहेत, नाटकांची हस्तलिखितं आहेत, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या कॅसेट आहेत. नव्या घरात जाताना जुनी ट्रंक भंगारात जाते. महापालिकेने, एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने किंवा साहित्य संस्थेने चाळीचाळीत माणूस पाठवून या वह्यांची छायाचित्रं घ्यावीत, कॅसेटी उतरवून घ्याव्यात, आणि ज्यांच्या त्या आहेत त्यांची नावं आणि त्यांची गिरणी, खातं, पाळी त्यावर लिहून ठेवावी. हे काम इमारत पाडण्याच्या आधी व्हायला हवं.